कातिपुनान : एका गुपिताची गोष्ट

गुप्त संघटना म्हटले की आपल्याला आधी नाशिक आठवते. मित्रमेळा, १९०४ ची अभिनव भारत, त्या शपथा. वर्गात हा भाग शिकवताना मागच्या बाकावरची मुलेसुद्धा कान टवकारून ऐकायची. निवृत्तीनंतर फिलिपिन्सचा इतिहास वाचला, तेव्हा जाणवले की या विषयाची एक बाजू मी मुलांना कधी सांगितलीच नाही.

तिथे स्पेनचे राज्य तीनशे वर्षांहून जुने. ३ जुलै १८९२ रोजी होसे रिझाल या डॉक्टर-लेखकाने मनिलात सनदशीर सुधारणा मागणारी एक संस्था काढली. तीनच दिवसांत त्यांना अटक झाली आणि दूर दापितानला हद्दपारीचा हुकूम निघाला. ७ जुलैला आंद्रेस बोनिफासिओ आणि त्याचे काही मित्र एका घरात जमले आणि 'कातिपुनान' जन्माला आली. बोनिफासिओ गरीब घरचा, गोदामात नोकरी करणारा, बराचसा स्वतः वाचून शिकलेला. अर्ज-विनंत्यांची वाट सरकारनेच बंद केली की माणसे दुसरी वाट शोधणारच.

सुरुवातीची पद्धत अशी, की एकाने दोघांना आणायचे, पण त्या दोघांनी एकमेकांना ओळखायचे नाही. सही स्वतःच्या रक्ताने. पण अशाने संख्या वाढेना, म्हणून ती पद्धत सोडली. १८९६ मध्ये 'कालायान' म्हणजे 'स्वातंत्र्य' नावाचे पत्र छापले. अंक एकच निघाला, पण काहीशे सभासदांचे हजारो झाले. माणसे वाढली तसे गुपित सांभाळणे अवघड झाले.

ऑगस्ट १८९६ मध्ये तेओदोरो पातिन्यो नावाच्या छापखान्यातील कामगाराने ही गोष्ट आपल्या बहिणीला सांगितली. ती एका अनाथाश्रमात राहत असे. तिच्याकडून ती तिथल्या जोगिणीला कळली, पुढे पाद्र्याला आणि मग सरकारला. छापखान्यात पुरावे सापडले, शेकडोंची धरपकड झाली. तयारी अपुरी आहे असे रिझाल यांनी जूनमध्येच कळवले होते. पण आता थांबायला वेळच नव्हता. बोनिफासिओच्या माणसांनी मनिलाजवळ आपले कराचे दाखले टराटरा फाडले आणि उठाव सुरू झाला. ३० डिसेंबरला सरकारने रिझाल यांनाच गोळ्या घातल्या. ज्या माणसाने उठावाला संमती दिली नव्हती, त्याच्या मृत्यूने उठाव आणखी पेटला.

इथवर सांगून मी धडा संपवला असता. पण मार्च १८९७ मध्ये तेहेरोस येथे क्रांतिकारकांनी निवडणूक घेतली. अध्यक्ष झाले एमिलिओ आगिनाल्दो. बोनिफासिओला गृहखाते मिळाले, तर एकाने उठून, वकिलीची पदवी नसलेल्याला हे पद कसे, असा आक्षेप घेतला. अपमानित बोनिफासिओने निवडणूकच रद्द ठरवली. त्याच्यावर राजद्रोहाचा खटला चालला आणि १० मे १८९७ रोजी त्याला भावासह मारण्यात आले. स्पॅनिशांनी नव्हे, स्वकीयांनी.

मला वाटते, गुप्ततेत वाढलेल्या माणसांना मतभेद आणि फितुरी यांतला फरक ओळखणे कठीण जात असावे. अंधारात शपथ घेता येते, पण आपसातले भांडण उजेडात कसे सोडवायचे हे तिथे शिकायला मिळत नाही. म्हणून त्या माणसांचे धैर्य कमी ठरत नाही. आज फिलिपिन्समध्ये बोनिफासिओच्या जन्मदिवशी, ३० नोव्हेंबरला, सुट्टी असते.

पुन्हा वर्ग घ्यायला मिळाला तर शपथेबरोबर तेहेरोसही सांगेन. तुम्ही सांगितले असते का?