उकिरड्याचा पांग

इंदूरच्या होळकर दरबाराने दिलेल्या कापसाच्या काळ्या जमिनीवर १९२४ मध्ये एक शेतकी संशोधन संस्था उभी राहिली. तिचं नाव ‘इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री’. पैसा कापूस समितीचा आणि मध्य भारतातल्या संस्थानांचा. संचालक होते अल्बर्ट हॉवर्ड. १९०५ पासून बिहारमधल्या पुसा इथे सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून त्यांनी काम केलं होतं. पत्नी गॅब्रिएल याही त्याच विषयातल्या, केंब्रिजमध्ये शिकलेल्या आणि संशोधनात बरोबरीच्या. रसायनाचं काम पाहायला यशवंत वाड होते. आज दुकानातल्या पाकिटावर ‘ऑरगॅनिक’ असा शिक्का दिसतो आणि तो घेणाऱ्याची मान जराशी ताठ होते, त्या शिक्क्याचं एक मूळ या तिघांच्या खताच्या खड्ड्यात आहे.

खड्डा निघाला तो गरिबीच्या प्रश्नातून. माळव्यातल्या शेतकऱ्याला विकतचं खत परवडत नव्हतं. घरी शेण होतं, पण त्यातलं बरंचसं गोवऱ्या थापून चुलीत जायचं, कारण जळणाला दुसरं काही नव्हतं. मग उरलेल्या थोड्या शेणात जास्तीत जास्त खत कसं होईल? हॉवर्ड आणि वाड यांनी शेतातला सगळा टाकाऊ माल गोळा करायला सुरुवात केली. पऱ्हाट्या आणि तुराट्या कडक असतात, लवकर कुजत नाहीत. त्या शेतातल्या रस्त्यावर पसरायच्या, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या बैलगाड्यांच्या चाकांखाली त्यांचा भुसा होतो. तो भुसा गोठ्यात बैलांखाली अंथरायचा. गोठ्याची मूत मुरलेली माती खणून घ्यायची. मग तीस फूट लांब, चौदा फूट रुंद आणि दोनच फूट खोल अशा खड्ड्यात काडीकचरा, शेण, ती माती आणि चुलीतली राख यांचे थर द्यायचे, पाणी शिंपडायचं आणि ठरलेल्या आठवड्यांना तीन वेळा सगळं खालीवर करायचं. तीन महिन्यांत खत तयार. १९३१ मध्ये हॉवर्ड आणि वाड या दोघांच्या नावाने हे सगळं पुस्तकरूपाने आलं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली.

या पद्धतीतली सगळी सामग्री फुकटची आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. बाजारातून काहीच आणायचं नव्हतं. हॉवर्ड म्हणत असत की शेतकरी आणि कीड हेच आपले प्राध्यापक. चीनमधल्या शेतकऱ्यांची मैला-कचरा जिरवण्याची रीतही त्यांनी अमेरिकी शास्त्रज्ञ फ्रँकलिन किंग यांच्या १९११ च्या पुस्तकातून घेतली होती. म्हणजे ही विद्या दोन देशांच्या कष्टकऱ्यांकडून आलेली होती. खाणाऱ्याच्या शीलाचा त्यात कुठेच संबंध नव्हता.

तो संबंध हळूहळू आला. पुसाला हॉवर्ड यांनी पाहिलं होतं की त्यांचे चांगल्या चाऱ्यावर पोसलेले बैल शेजारच्या लाळ्या-खुरकुताच्या जनावरांना कुंपणावरून नाकं घासत, तरी आजारी पडत नसत. सकस माती, सकस पीक, सकस जनावर, सकस माणूस अशी साखळी त्यांनी त्यावरून मांडली. त्याच काळात निलगिरीतल्या कुन्नूर इथे डॉ. रॉबर्ट मॅककॅरिसन उंदरांना वेगवेगळ्या समाजांचं जेवण घालून पाहत होते. पंजाबी जेवण, म्हणजे सबंध गव्हाची रोटी, डाळ, दूध, लोणी, कच्च्या भाज्या, मिळालेले उंदीर धष्टपुष्ट झाले. गरीब इंग्रजाचं जेवण, म्हणजे पांढरा पाव, मार्गारीन, डब्यातलं मांस, गोड चहा, मिळालेले उंदीर आजारी पडले. शिवाय ते चिडके झाले, सांभाळणाऱ्यांना चावू लागले आणि आपल्यातल्याच दुबळ्यांना मारून खाऊ लागले. आहारशास्त्राच्या दृष्टीने हा मोलाचा प्रयोग होता. पण वाईट खाणाऱ्याचा स्वभावही वाईट होतो, ही समजूत त्यातून किती सहज निघते ते बघा. पांढरा पाव खाणारा गिरणी कामगार तो पाव हौसेने खात नव्हता. त्याच्या मजुरीत तेवढंच बसत होतं.

ही समजूत मुळात हॉवर्ड-मॅककॅरिसन यांच्याही आधीची आहे, आणि तिचं कूळ वेगळं आहे. अमेरिकेत १८३० च्या दशकात सिल्व्हेस्टर ग्रॅहम हा प्रेस्बिटेरियन धर्मोपदेशक गावोगाव व्याख्यानं देत हिंडत होता. मांस, दारू, मसाले आणि बेकरीतला पांढरा पाव माणसात वासना चेतवतात आणि वासना शरीराला व आत्म्याला खाते, असं तो सांगे. कोंडा न काढलेल्या पिठाचा, घरच्या बाईने भाजलेला पाव हा त्याचा उतारा. पावावर त्याने १८३७ मध्ये एक ग्रंथच लिहिला. पुढे मिशिगनमधल्या बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी हाच विचार धान्यांच्या न्याहारीत आणला. सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट पंथातल्या केलॉग यांनाही पोटाची आणि मनाची शुद्धी वेगळी वाटत नव्हती. जेवण सात्त्विक तर माणूस सात्त्विक, हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको. सोवळ्याचा स्वयंपाक आणि कांदा-लसणीचा विटाळ यांतून कुणाला पंक्तीबाहेर बसवलं गेलं, हे आपण जाणतो. म्हणून ‘आमच्या घरात मैदा येतच नाही’ हे वाक्य ज्या सुरात म्हटलं जातं, तो सूर माझ्या कानांना फार जुना वाटतो.

ही दोन कुळं १९४० च्या दशकात एकत्र आली. १९४० मध्ये हॉवर्ड यांचा ‘अॅन अॅग्रिकल्चरल टेस्टमेंट’ हा ग्रंथ आला. त्याच वर्षी लॉर्ड नॉर्थबोर्न यांनी ‘लुक टू द लँड’ लिहून या शेतीला ‘ऑरगॅनिक’ हे नाव दिलं. १९४२ मध्ये पेनसिल्व्हेनियात जे. आय. रोडेल यांनी याच नावाचं मासिक काढलं आणि हॉवर्ड यांना त्याच्या संपादनात सामील करून घेतलं. इंग्लंडमध्ये लेडी ईव्ह बाल्फर यांच्या पुढाकाराने १९४६ मध्ये सॉइल असोसिएशन स्थापन झाली. जमीनदार आणि डॉक्टर या विचारात हिरिरीने उतरले. त्यात घातक मंडळीही होती. असोसिएशनच्या मुखपत्राचे दीर्घकाळचे संपादक जॉरियन जेंक्स हे ब्रिटिश फॅसिस्ट पक्षात काम केलेले गृहस्थ. शुद्ध मातीची भाषा किती पटकन शुद्ध रक्ताच्या भाषेला जाऊन मिळते, हे त्यांच्यावरून कळतं. चळवळीतल्या बहुतेकांचा त्या विषाशी संबंध नव्हता. तरी शुद्धतेचा अभिमान कोणत्या वाटेने जाऊ शकतो, हे कुळकथा सांगताना गाळणं मला प्रामाणिक वाटत नाही. या सगळ्यात यशवंत वाड हे नाव मात्र मागे पडलं.

नंतर शिक्का आला. सॉइल असोसिएशनने १९६७ मध्ये आपली पहिली मानकं ठरवली. अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला आणि २००२ पासून राष्ट्रीय नियम लागू झाले. भारताचा सेंद्रिय प्रमाणीकरणाचा राष्ट्रीय कार्यक्रम याच सुमारास, मुख्यतः निर्यातीच्या गरजेतून आला. खोटा माल रोखायला तपासणी हवीच. पण तपासणीला नोंदी ठेवाव्या लागतात, शुल्क भरावं लागतं, आणि जमीन पालटण्याच्या दोन-तीन वर्षांत उत्पन्न घटलं तरी शिक्क्याचा भाव मिळत नाही. ज्याच्याकडे पैसा नाही त्याच्यासाठी जी पद्धत शोधली, तिच्यावर नाव लावून घ्यायला आता पैसा लागू लागला. बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात. इथे उकिरड्याचा फिटला, त्याच्या मालकाचा राहिला.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांचं बियाणं घरात जपलं, तेव्हा त्यांच्याजवळ असला कुठलाही शिक्का नव्हता. पद्मश्री त्यांना २०२० मध्ये जाहीर झाली. सह्याद्रीच्या उतारांवर नाचणी-वरई पिकवणाऱ्यांच्या मुलांना शाळेत डब्यातली काळी भाकरी झाकून खावी लागे. तीच नाचणी आज सुंदर पाकिटात येते, आणि ती खाणारा माणूस कामवालीच्या हातातल्या वडापावाकडे कीव करून पाहतो. या नजरेचा मला राग येतो. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो म्हणून ती कामवाली तो खाते, आणि सकाळी सहाला घर सोडावं लागतं म्हणून वडापाव खाते.

या अहंकारावर मानसशास्त्रातही प्रयोग झाला. अमेरिकेतल्या केंडल एस्काइन यांनी २०१२ मध्ये दाखवलं की सेंद्रिय पदार्थांची चित्रं पाहिलेले लोक इतरांच्या चुकांचा न्याय जास्त कठोरपणे करतात आणि मदतीला कमी वेळ देतात. वर्तमानपत्रांनी ते आनंदाने छापलं. २०१६ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तोच प्रयोग पुन्हा करून पाहिला, तेव्हा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. ही दुसरी बातमी फारशी कुणी छापली नाही. सेंद्रिय खाणारा माणूस स्वभावाने वाईट, हे म्हणणंही मॅककॅरिसनच्या उंदरांइतकंच घाईचं आहे. ताटावरून शील मोजू नये, कुठल्याच बाजूने.

मग सेंद्रिय शेतीचा लाभ मोजायचा कुठे? २०१२ मध्येच स्टॅनफर्डच्या संशोधकांनी शेकडो अभ्यास तपासले. जीवनसत्त्वांत सेंद्रिय मालाची ठळक सरशी त्यांना दिसली नाही, कीटकनाशकांचे अंश मात्र कमी आढळले. खाणाऱ्याच्या ताटात ते अंश येतात. फवारणाऱ्याच्या अंगावर सबंध पंप सांडतो. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती. फवारणारे शेतमजूर मास्क-हातमोज्यांविना तिच्यात शिरले, औषधाचा फवारा तोंडावर आला. वीसहून अधिक माणसं मेली, शेकडो दवाखान्यात गेली. विषमुक्त शेतीचं याहून मोठं कारण मला माहीत नाही. आणि कापूस तर कुणी खातही नाही.

याच जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी इंदूरचाच प्रश्न पुन्हा हातात घेतला होता. शेण थोडं, काडीकचरा भरपूर. त्यांनी जमिनीवर विटांचं टाकं बांधलं आणि हवा खेळावी म्हणून भिंतींत भोकं ठेवली. त्यामुळे ढीग खालीवर करण्याची मजुरी वाचली. सुमारे शंभर किलो शेण, चौदा-पंधराशे किलो काडीकचरा, माती आणि पाणी यांतून तीन-चार महिन्यांत खत मिळतं. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून ‘नाडेप’ म्हणून ओळखलं जाणारं हे टाकं कृषी विभागाने खेडोपाडी पोहोचवलं. इंदूरच्या खड्ड्याचा खरा वारस मला तिथे दिसतो.

शिक्क्याच्या बाबतीतही एक वाट खुली झाली आहे. २०११ पासून चालू असलेल्या ‘पीजीएस’, म्हणजे सहभागी हमीच्या, पद्धतीत किमान पाच शेतकरी गट करतात आणि एकमेकांच्या शेतात जाऊन तपासणी करतात. बाहेरच्या संस्थेचं शुल्क त्यात लागत नाही. स्वतः पिकवून थेट ग्राहकाला विकणाऱ्या लहान शेतकऱ्याला २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांनीही प्रमाणपत्राच्या सक्तीतून सूट दिली. गटाच्या तपासणीत ग्राहकालाही सामील होता येतं. ज्यांना या अन्नाची खरोखर आस्था आहे त्यांनी जावं, आणि श्रावण-भाद्रपदात जावं. तेव्हा तण आणि कीड दोन्ही भरात असतात, आणि न फवारता पीक हाती आणायला किती बायांचे किती दिवस खुरपणीत जातात, त्यांना रोज किती मिळतो, हे बांधावर उभं राहून विचारता येतं.