नाणेघाटातील अंकलेखन आणि विविक्त गणिताचे अध्यापन

जुन्नरच्या पश्चिमेस, सह्याद्रीचा माथा सोडून वाट कोकणात उतरते त्या नाणेघाटाच्या तोंडाशी एक लेणे आहे. त्याच्या डाव्या व उजव्या भिंतींवर सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख कोरलेला आहे. कर्नल साइक्स यांनी १८२८ मध्ये त्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ च्या सुमारास त्यातील अंकांचा स्वतंत्र अभ्यास केला आणि ब्यूलर यांनी १८८३ मध्ये लेखाचे संपादन केले. ब्यूलर यांनी त्याचा काळ इ. स. पूर्व दुसरे शतक मानला होता. नंतरच्या अनेक अभ्यासकांनी तो इ. स. पूर्व पहिल्या शतकात आणला.

जुन्नर व आंबेगाव तालुक्यांतील महाविद्यालयांच्या सहली येथे नेहमी येतात. इतिहासाचा विद्यार्थी वंशावळ आणि यज्ञांची नावे टिपून घेतो. गणिताच्या विद्यार्थ्याला मात्र येथे पाहण्यासारखे काही आहे असे सहसा सांगितले जात नाही. वस्तुतः सुट्या राशींची मोजणी, मांडणी आणि संकेतन यांचा विचार करणाऱ्या विविक्त गणितासाठी इतके जवळचे उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

लेखात यज्ञांच्या दक्षिणा अंकांत नोंदविल्या आहेत: १,१०१ गायी, १०,००१ गायी, ११,००० गायी व १,००० घोडे, २४,४०० कार्षापण. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नाणेघाटात शून्य किंवा स्थानमूल्य पद्धती आढळते असे अभिमानाने सांगितले जाते. ते खरे नाही. या पद्धतीत एक ते नऊ, दहा ते नव्वद, शंभर आणि हजार यांना वेगवेगळी चिन्हे आहेत. शंभराच्या चिन्हास चाराचे चिन्ह जोडले की चारशे, हजारास जोडले की चार हजार; दोनशे-तीनशेसाठी शंभराच्या चिन्हास रेघा जोडल्या जातात. २४,४०० ही संख्या वीस हजार, चार हजार आणि चारशे अशा तीन जोडचिन्हांनी लिहिलेली आहे. सर्व चिन्हे नाणेघाटात मिळत नाहीत. तीन, पाच व आठ यांसाठी नाशिकच्या लेण्यांतील नंतरच्या लेखांकडे जावे लागते. हजारास सत्तर जोडून लिहिलेले सत्तर हजारही तेथेच मिळतात.

अशा रीतीने नव्वद हजारांपर्यंतची जोडचिन्हे मानली तर या पद्धतीची मर्यादा ९९,९९९ ठरते. लक्षासाठी नवे चिन्ह लागेल. १०,००१ लिहिण्यास येथे केवळ दोन चिन्हे पुरतात, कारण रिकामे स्थान दाखविण्याची गरजच नाही. आजच्या पद्धतीत त्याच संख्येस पाच अंक लागतात आणि त्यांतील तीन शून्ये असतात. म्हणजे शून्याचा अभाव ही या लेखकाची उणीव नव्हे; त्याच्या पद्धतीत शून्याला काम नव्हते. ग्वाल्हेरच्या ८७६ मधील लेखात २७० लिहिताना शून्य कोरले गेले, तेव्हा लेखनाची तत्त्वेच बदललेली होती.

वर्गात विचारण्याजोगा प्रश्न असा: नेमक्या तीन चिन्हांनी लिहिता येतील अशा संख्या किती? एकक, दशक, शतक, सहस्र व दशसहस्र अशा पाच गटांतून तीन निवडावयाचे, ही निवड दहा प्रकारे होते. प्रत्येक गटात नऊ पर्याय असल्याने उत्तर १० × ७२९, म्हणजे ७,२९० येते. एका चिन्हाच्या ४५, दोन चिन्हांच्या ८१०, चारांच्या ३२,८०५ आणि पाचांच्या ५९,०४९ संख्या मिळतात. पाचही संख्यांची बेरीज ९९,९९९ भरते आणि द्विपद प्रमेय (१ + ९ चा पाचवा घात, वजा १) विद्यार्थ्याच्या हाती आपोआप लागते. सूत्र फळ्यावर लिहून मग उदाहरण शोधण्यापेक्षा हा क्रम निश्चितच बरा.

याहून महत्त्वाचा मुद्दा क्रमाचा आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास रचलेल्या लीलावतीतील अंकपाश या प्रकरणात दिलेल्या अंकांपासून किती संख्या होतात आणि त्यांची बेरीज किती, असे प्रश्न आहेत. २ व ८ यांपासून २८ आणि ८२ या दोन संख्या होतात, बेरीज ११०. ३, ९ व ८ यांपासून सहा होतात, बेरीज ४,४४०. हा प्रश्न नागनिकेच्या लेखनिकास सुचण्याचे कारण नव्हते. त्याच्या पद्धतीत वीस आणि आठ ही चिन्हे उलट क्रमाने कोरली तरी मूल्य अठ्ठावीसच राहते. मोठे चिन्ह आधी लिहिणे हा केवळ शिरस्ता. अंकाच्या जागेला अर्थ आल्यावरच अंकांच्या क्रमचयांतून नव्या संख्या निर्माण होऊ लागल्या. अंकपाश हे स्थानमूल्याचे अपत्य आहे. क्रमचय शिकविताना पाठ्यपुस्तके स्थानमूल्य गृहीत धरून पुढे जातात आणि ही पायरी विद्यार्थ्याच्या नजरेतून सुटते. ती दाखविण्यासाठी नाणेघाटातील एकच ओळ पुरेशी आहे.

ही ओळ प्रत्यक्ष भिंतीवर वाचणे मात्र सोपे नाही. लेखाचा बराच भाग झिजला आहे. काही ठिकाणी दक्षिणेचा आकडा शिल्लक आहे; ती कोणत्या यज्ञाची, ते नाव राहिलेले नाही.