परदेशगमन आणि कायद्याचे छत्र

रिसोड, मानोरा किंवा मंगरूळपीरच्या एखाद्या घरी आखाती देशातील नोकरीची वार्ता येते, ती बहुधा मध्यस्थाच्या तोंडून. सरकारी कचेरी दूर, मध्यस्थ मात्र दाराशी. देशांतराच्या कायद्यांचा इतिहास याच अंतरातून घडला आहे, असे आम्हांस वाटते.

१८३४ साली मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांकडे करारबद्ध हिंदी मजुरांची रीघ सुरू झाली. पुढे मुंबई बंदरातून मराठी माणसेही गेली. ज्या कागदावर अंगठा उमटवायचा, त्यातील मजकूर कित्येकांना वाचता येत नसे. म्हणून १८३७ च्या कायद्याने दंडक घातला, की मजूर व मध्यस्थ यांनी कराराच्या लेखी अटींसह अधिकाऱ्यापुढे हजर व्हावे. तरीही फसवणूक थांबेना. १८३९ मध्ये ही वाहतूक बंद करावी लागली. १८४२ मध्ये मॉरिशसपुरती ती पुन्हा खुली करताना बंदरांवर संरक्षक अधिकारी नेमण्यात आले.

मात्र अधिकारी नेमल्याने न्याय मिळतोच असे नाही. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९१० मध्ये नाताळ वसाहतीसाठी होणारी मजूरभरती बंद करण्याचा ठराव वरिष्ठ कायदेमंडळात मांडला व तो मान्य झाला. १९१२ मध्ये ही पद्धतच नष्ट करावी, असा त्यांचा ठराव मात्र फेटाळला गेला. १९१७ मध्ये भरती थांबली, तेव्हा गोखले हयात नव्हते.

१९२२ च्या कायद्याची जागा १९८३ च्या देशांतर कायद्याने घेतली. त्याने भरती करणाऱ्या मध्यस्थास सरकारी नोंदणी बंधनकारक केली. त्याच्या सेवाशुल्कासही नियमांनी कमाल मर्यादा घातली. कमी शिकलेल्या कामगारास ठरावीक देशांत नोकरीसाठी जाताना देशांतर संरक्षकाची मंजुरी लागते, ती त्याच्याच रक्षणासाठी. पर्यटनाच्या व्हिसावर नोकरीला पाठवणारा मध्यस्थ हे छत्रच काढून घेत असतो.

वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. येथील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना व अल्प उत्पन्न असलेल्यांना मोफत कायदेशीर साहाय्य मिळू शकते. शेत गहाण टाकण्यापूर्वी मध्यस्थाचा नोंदणी क्रमांक मागावा, करार समजेल अशा भाषेत वाचून घ्यावा, पैशाची पावती घ्यावी आणि सर्व कागदांची एक प्रत घरी ठेवावी. अंगठा उमटवणाऱ्या त्या पूर्वजांना जे विचारता आले नाही, ते आपल्या लेकरांनी निर्भयपणे विचारावे.