गुहाशोध व गुहायात्रा, विदर्भातील

डोंगरातील नैसर्गिक गुहा, शैलाश्रय व कोरीव लेणी यांचा शोध घेणे आणि सहकुटुंब त्यांच्या दर्शनास जाणे, ही विदर्भातील जुनी प्रथा आहे. तिचे मूळ रूप यात्रेचे असून सहलीचे रूप तिला नंतर आले. गुहाशोधाचा इतिहास बहुधा इंग्रज अधिकारी व पुरातत्त्वज्ञ यांच्या नावांनी सांगितला जातो. तथापि यांतील अनेक स्थाने त्यांच्यापूर्वीच आदिवासींना व यात्रेकरूंना परिचित होती आणि पुढील काही महत्त्वाचे शोध या लोकपरिचयाच्या आधारेच लागले.

भूरचना व स्थाने : सेलू हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण वर्धा–नागपूर मार्गावर वसले आहे. त्याच्या उत्तरेकडील बोर नदीच्या खोऱ्यात वनाच्छादित टेकड्या असून तेथे १९७० मध्ये अभयारण्य व २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प स्थापन झाला. हा प्रदेश सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर साचून बनलेल्या बेसाल्ट खडकाचा आहे. चुनखडक पाण्यात विरघळून त्यात लांबलचक गुहा तयार होतात, तसे बेसाल्टाच्या बाबतीत घडत नाही. त्यात आढळतात त्या बहुधा उथळ कपारी. याउलट सातपुड्याच्या महादेव डोंगररांगेत वालुकाश्माचे जाड थर आहेत. पाणी व वारा यांच्या झिजेने आणि खडकातील भेगा रुंदावल्याने तेथे असंख्य गुहा, घळी व शैलाश्रय निर्माण झाले आहेत. त्यामुळे नैसर्गिक गुहांच्या दर्शनासाठी वर्धा, नागपूर व अमरावती या जिल्ह्यांतील लोकांची वाट पूर्वापार उत्तरेकडे, आज मध्य प्रदेशात असलेल्या पचमढीकडे गेलेली दिसते.

महादेवाची यात्रा : पचमढीच्या परिसरातील जटाशंकर, बडा महादेव व गुप्त महादेव ही तिन्ही स्थाने गुहांत वा खोल घळीत आहेत. भस्मासुराच्या भयाने शिवाने या डोंगरात आश्रय घेतला, अशी कथा सांगतात. बडा महादेवाची गुहा सु. १८ मी. लांब असून तिच्या छतातून बारमाही पाणी ठिबकते व आतील कुंडात साचते. गुप्त महादेवाकडे जाणारी फट इतकी अरुंद आहे की, एका वेळी एकालाच अंग तिरपे करून आत शिरता येते. मुले पुढे व वडीलधारी माणसे मागे, अशा रांगेने येथे कुटुंबेच्या कुटुंबे आत जातात. चौरागड शिखरावरील (सु. १,३०० मी.) मंदिरात नवसाचे त्रिशूळ वाहण्याची प्रथा आहे. अपत्यप्राप्ती, आजारातून सुटका यांसाठी बोललेला नवस फेडावयास आलेले यात्रेकरू जड त्रिशूळ खांद्यावर घेऊन बाराशेहून अधिक पायऱ्या चढतात. महाशिवरात्रीस येथे मोठी यात्रा भरते. वाटेने म्हटली जाणारी महादेवाची गाणी हा वैदर्भीय लोकगीतांचा एक स्वतंत्र प्रकार मानला जातो.

नागपंचमीच्या सुमारास भरणारी नागद्वारची यात्रा याहून खडतर आहे. तिचा मार्ग सातपुडा व्याघ्र प्रकल्पाच्या क्षेत्रातून जात असल्याने तो वर्षातून केवळ दहा दिवसांच्या आसपास खुला असतो. ऐन पावसाळ्यात निसरड्या कड्यांवरून चढउतार करीत यात्रेकरू पद्मशेष गुहेपर्यंत पोहोचतात. त्यांत विदर्भातील मराठी भाषकांचे प्रमाण मोठे असते. वाटेवर अन्नछत्रे चालविण्याचे काम विदर्भातील सेवामंडळे करतात. शिदोरी, कांबळे व कंदील घेऊन निघणारा हा मेळावा पाहता, गुहेत शिरण्याचे धाडस हे केवळ साहसवीरांचे क्षेत्र नव्हते, हे स्पष्ट होते. त्यात स्त्रिया, मुले व वृद्ध यांचाही वाटा होता. या यात्रांना साथीच्या रोगांचा धोका असे. एकोणिसाव्या शतकात पटकीच्या उद्रेकामुळे महादेवाची यात्रा काही काळ बंद ठेवावी लागली होती.

विदर्भातील लेणी : विदर्भातच राहून गुहा पाहावयाच्या, तर दोन स्थाने विशेष उल्लेखनीय आहेत. अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यातील सालबर्डी येथे नैसर्गिक गुहेत महादेवाचे स्थान असून जवळच बौद्ध विहार कोरलेले आहेत. चक्रधरस्वामींच्या वास्तव्याच्या परंपरेमुळे महानुभाव पंथीयांनाही हे स्थान पूज्य आहे. एकाच डोंगरात तीन परंपरा नांदत असल्याचे हे चांगले उदाहरण होय. चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती (भांदक) येथे विजासन टेकडीत सु. २१ मी. लांबीचा सरळ बोगदा खोदलेला असून त्याच्या काटकोनात आणखी दोन बोगदे आहेत. प्रत्येकाच्या टोकाशी बुद्धमूर्ती असून अंधारात दिवा घेऊन तेथवर चालत जाणे हा आजही सहलीस आलेल्या मुलांच्या कुतूहलाचा विषय असतो.

शोधाचा इतिहास : महाराष्ट्रातील गुहाशोधाचा आरंभ सामान्यतः २८ एप्रिल १८१९ या दिवसापासून मोजतात. त्या दिवशी शिकारीस आलेल्या जॉन स्मिथ या अधिकाऱ्यास अजिंठ्याची लेणी दिसली. परंतु परिसरातील रहिवाशांना ती अज्ञात नव्हती. महादेव डोंगरातही हेच घडले. कॅप्टन जेम्स फोर्सिथ याने १८६२ मध्ये पचमढी येथे ‘बायसन लॉज’ ही वास्तू उभारली आणि या प्रदेशाविषयीचा त्याचा ग्रंथ १८७१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे पचमढी हे मध्य प्रांताचे उन्हाळी ठाणे बनले. तत्पूर्वीच महादेवाच्या स्थानांचे रक्षकपद ‘भोपा’ म्हणविणाऱ्या कोरकू प्रमुखांच्या घराण्यांकडे वंशपरंपरेने चालत आले होते. १९३०–४० या दशकात डी. एच. गॉर्डन यांनी येथील शैलचित्रांचा अभ्यास केला, तर जी. आर. हंटर यांनी डोरोथी डीप या शैलाश्रयात उत्खनन करून दगडाची सूक्ष्म हत्यारे उजेडात आणली.

मराठी भाषक संशोधकांत विष्णू श्रीधर वाकणकर (१९१९–८८) यांचे स्थान अग्रगण्य आहे. आगगाडीतून जाताना दिसलेल्या खडकांच्या आकारांवरून कुतूहल वाटून ते १९५७ मध्ये भीमबेटका येथे पोहोचले व तेथील चित्रित शैलाश्रयांचा शोध लागला. या स्थानाची नोंद १८८८ मध्ये आदिवासींनी दिलेल्या माहितीवरून झाली होती, परंतु ते बौद्ध अवशेष समजले गेले होते. २००३ मध्ये भीमबेटक्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

हौशी निसर्गप्रेमींच्या सहलीतून घडलेला अलीकडचा मोठा शोध विदर्भाच्या सीमेवरचा आहे. २७ जानेवारी २००७ रोजी डॉ. विजय इंगोले व त्यांच्या सहकाऱ्यांना मोर्शी तालुक्याच्या उत्तरेस, बैतूल जिल्ह्यातील धारूळच्या वनात चित्रित शैलाश्रय आढळले. पुढील पाच वर्षांत त्यांची संख्या शंभरावर गेली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणानेही नंतर तेथे सर्वेक्षण केले. येथील अंबादेवीचे गुहामंदिर भाविकांना आधीच परिचित होते व त्यावरूनच या शैलाश्रयसमूहाला नाव मिळाले. भाविक देवीच्या दर्शनास येत होते. त्याच परिसरातील प्राचीन चित्रांचे महत्त्व मात्र शोधक दृष्टीने पाहणाऱ्यांनीच ओळखले.

जतन : गुहा लोकांच्या वापरात राहते म्हणून तिची स्मृती टिकते, परंतु त्याच वापराने तिचे नुकसानही होते. दिव्यांची व चुलींची काजळी, शेंदूर, ओल्या हातांचा स्पर्श आणि भिंतींवर नावे कोरण्याची खोड यांमुळे हजारो वर्षे टिकलेले रंग थोड्याच काळात नष्ट होऊ शकतात. हे दोष केवळ अशिक्षितांचे नव्हेत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील स्तंभावर बोधिसत्त्वाच्या चित्रावर कोरलेले जॉन स्मिथचे नाव अद्याप दिसते. १९५८ चा प्राचीन स्मारकविषयक अधिनियम व त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार संरक्षित स्मारकाची हानी करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तथापि वनातील बहुसंख्य शैलाश्रय संरक्षित यादीबाहेर असून त्यांच्यापाशी पहारेकरी नसतो. अशा ठिकाणी वडीलधाऱ्यांनी मुलांना भिंतीस हात न लावता पाहण्यास शिकविणे, हेच तेथील संरक्षणाचे सर्वांत व्यवहार्य साधन होय. सहकुटुंब गुहादर्शनाची जी प्रथा या स्थानांची वाट पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवीत आली, तिच्यावरच त्यांचे पुढील आयुष्यही मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे.