केमोआधी विचारायचा प्रश्न

वृषणाचा कर्करोग मुख्यतः १५ ते ४० या वयात गाठतो. इंदापूर तालुक्यातल्या बावड्यासारख्या गावात याच वयात शेती-गोठ्याची जबाबदारी अंगावर येते आणि लग्नाची बोलणी सुरू होतात. १९७०च्या दशकात अमेरिकेत लॉरेन्स आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिन या औषधावर आधारलेले केमोथेरपीचे उपचार रुजवले आणि हा आजार बहुतेकांमध्ये बरा होऊ लागला. जगण्याचा भरवसा आला, तसा ‘पुढे मूल होईल ना?’ हा प्रश्न अभ्यासाचा विषय झाला.

एक वृषण काढलं तरी दुसरं बहुधा पुरतं. केमोनंतर अनेकांचे शुक्राणू कालांतराने पुन्हा तयार होतात, काहींचे होत नाहीत; कोणाचं काय होईल, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. काहींच्या शुक्राणूंची संख्या निदानाच्या वेळीच घटलेली असते. मात्र १९९२ साली ब्रसेल्समध्ये यशस्वी ठरलेल्या ‘इक्सी’ पद्धतीमुळे, म्हणजे एकच शुक्राणू थेट स्त्रीबीजात सोडण्याच्या तंत्रामुळे, मोजके शुक्राणूही उपयोगी पडतात. म्हणून वीर्याचा नमुना केमोआधी, शक्यतो शस्त्रक्रियेच्याही आधी गोठवून साठवावा.

गोठवलेलं वीर्य आपल्या भागाला नवं नाही. इंदापूरहून पुण्याला जाताना लागणाऱ्या उरुळी कांचनला मणिभाई देसाईंनी १९६७ साली ‘बायफ’ ही संस्था स्थापन केली. तिच्या कामातून गायींचं कृत्रिम रेतन शेतकऱ्याच्या दारी पोचलं. द्रवरूप नायट्रोजनचं भांडं गावाने पाहिलेलं आहे. माणसाच्या बाबतीत अडतं ते बोलण्यापाशी.

निर्णयाला हातात थोडे दिवस असतात. मुलगा अविवाहित, शेजारी वडील बसलेले, पैसे तेच देणार. अशा वेळी तो गप्प राहतो आणि ते गप्प राहणं नकार समजलं जातं. दोन मुलांचा बाप विचारपूर्वक ‘नको’ म्हणेल, तर तोही निर्णयच. पण साठवणीची मुदत, दरवर्षीचं शुल्क, लेखी संमती हे सारं त्या तरुणालाही आणि या बापालाही समजलेलं असावं. सहायक प्रजननाविषयीच्या २०२१च्या कायद्याने वीर्य साठवणाऱ्या पेढ्यांना नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणी पाहूनच पेढी निवडावी.

र. धों. कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू करून लैंगिक आरोग्याचे आणि प्रजननाचे विषय मराठीत उघडपणे मांडले. तो धागा डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक आणि आशाताईंनी पुढे न्यावा. उपचार सुरू होण्याआधी त्या तरुणाला एकट्याला बसवा, नीट समजावून सांगा आणि त्याला विचारा.