कुरकुरीत कोंबडीचा पूर्वेतिहास

भाऊबीज झाली, फराळाचे डबे तळाला गेले, की गोडाला विटलेली आमच्या नंदुरबारच्या घरातली मंडळी कोंबडीची आठवण काढू लागतात. एका वर्षी नातवंडांनी हट्ट धरला की, रस्सा नको. हॉटेलात मिळते तशी तळलेली, कुरकुरीत कोंबडीच हवी. मी मोठ्या हौसेने नवापूरकडून एक गावठी कोंबडी आणवली. आमच्या सौ.नी ती मुरवली, तळली. रंग तर सोन्यासारखा आला. पण दातांना ती काही दाद देईना. धाकटा म्हणाला, "आजोबा, ही पळून पळून घट्ट झालीय!"

पोर खरेच बोलले. दिवसभर उकरत, धावत हिंडणाऱ्या कोंबडीचे मांस चिवट असते. ते मऊ व्हायला पाणी हवे, मंद आच हवी आणि वेळ हवा. कढईतल्या दहा मिनिटांत ते होत नाही. म्हणून खानदेशात पिढ्यान्‌पिढ्या कोंबडीचा रस्साच झाला. कोंबडीचा मुख्य पूर्वज लाल रानकोंबडा. पण तिच्या कातडीचा पिवळा रंग दक्षिण व पश्चिम हिंदुस्थानातल्या करड्या रानकोंबड्याकडून आला, असे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. म्हणजे हा पक्षी आपल्याच रानांचा भाऊबंद. सातपुड्यातल्या भिल्ल-पावऱ्यांच्या अंगणात तो आजही पाहुण्यासाठी आणि देवासाठी राखलेला असतो.

तळायची कोंबडी मात्र अलीकडची. जेमतेम सहा आठवड्यांत कापण्याजोगी होणारी, फारशी न हिंडलेली ब्रॉयलर आली, तेव्हा कुठे ही चैन घरोघरी परवडली. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली आणि पुढे कोंबडीपालन हा अंगणातला जोडधंदा न राहता मोठा व्यवसाय झाला.

आता आमच्याकडे ब्रॉयलरचेच तुकडे दही, आले-लसूण, मीठ आणि तिखट लावून चार तास ठेवतात. तिखट अर्थात नंदुरबारचे! दिवाळीच्या सुमारास गावाबाहेर पथाऱ्यांवर मिरची वाळत पडते, तेव्हा शिंका देत जाणाऱ्यालाही अभिमान वाटतो. खरे तर ही मिरचीही परकी; पोर्तुगिजांच्या गलबतांतून सोळाव्या शतकात आलेली. तुकडे तांदळाच्या पिठात घोळवायचे, मध्यम आचेवर शिजेपर्यंत तळायचे, निथळायचे आणि वाढण्यापूर्वी कडक तेलात पुन्हा एकदा सोडायचे. दुसऱ्या तळणीत वरचे उरलेसुरले पाणी उडते, कुरकुर तिथली. सोबत मुळा, गाजर आणि कांद्याच्या चकत्या मिठात अर्धा तास ठेवायच्या, सुटलेले पाणी पिळून टाकायचे, मग लिंबाचा रस, चिमूटभर साखर, मोहरीची डाळ. हे आंबट लोणचे नसेल तर तिसऱ्या तुकड्याला तोंड ओशट होते. (सौ. म्हणतात, तुम्ही पाचव्यालाही थांबत नाही.)

पण नवापूरचे नाव निघाले की घास थोडा अडखळतो. तिथल्या शेडी बहुतेक अंड्यांच्या. १८ फेब्रुवारी २००६ रोजी भोपाळच्या प्रयोगशाळेने तिथल्या मेलेल्या कोंबड्यांत बर्ड फ्लू असल्याचे सांगितले. हिंदुस्थानातली ती पहिलीच नोंद. पाच दिवसांत अडीच लाखांवर कोंबड्या मारून पुरल्या गेल्या, लाखो अंडी नष्ट झाली. माणसाला लागण झाल्याचे आढळले नाही. पण दूरदूरच्या शहरांतही लोकांनी कोंबडी खाणे सोडले. २०२१ साली तोच रोग पुन्हा नवापुरात आला.

शेडी पुन्हा भरतात. मला सलतात त्या आसपासच्या पाड्यांतल्या अंगणांतल्या कोंबड्या. शेडीचा रोग म्हणून त्याही टोपल्यांखालून उचलून नेल्या. ज्यांना कधी कढई माहीत नव्हती, त्याही. देवमोगऱ्याच्या याहामोगीला महाशिवरात्रीच्या यात्रेत कोंबडा वाहण्याची इकडच्या भिल्लांची जुनी रीत आहे. त्या साली महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती.