पाळी न बदलणारी रात्र

मार्च 1884. जळगावच्या आसपासच्या, कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिन-कारखान्याच्या आवारात तुम्ही उभे आहात. रात्र बरीच झालीय, तरी विटांच्या धुरांड्यातून धूर निघतोच आहे. कापसाचे ढीग, सोडलेले बैल, गाड्यांखाली झोपलेले गाडीवान. अमेरिकेतल्या यादवी युद्धाने इथल्या कापसाला भाव आणला, रेल्वेने मुंबई जवळ केली. तेव्हापासून हंगामात इथे सवड म्हणून नाही.

आधी इंजिनघरात शिरा. आगवाला भट्टीचं दार उघडतो तशी तोंडावर झळ येते. वाफ दट्ट्याला मागेपुढे ढकलते, दट्ट्या भलंमोठं चाक फिरवतो आणि चाकावरचा चामडी पट्टा भिंतीतल्या भोकातून पलीकडे निघून जातो. इंजिन बघायला येणारे बहुतेक इथेच रमतात. तुम्ही पट्ट्यामागे जा.

पलीकडे आढ्याखाली लांबच लांब दांडा फिरतोय. त्यावरून उतरलेले पट्टे एकेका रेच्याला, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राला, जोडलेत आणि रेच्यापुढे बायका. त्यांनी कापूस सारायचा, चामड्याच्या रुळाने तंतू ओढून घ्यायचे, पात्याने सरकी झटकून पाडायची. घरच्या हातरेच्यावर दमलं की थांबता तरी येई. इथे रुईच्या धुरळ्यात समोरची बाई धड दिसत नाही, बोलावं तर घशात तंतू. एकीची मान कलते. शेजारीण ओरडते, “हात सांभाय व माय!”

दुसरी पाळी कधी येते? येतच नाही. मार्च-एप्रिलच्या घाईत तीच माणसं, त्यातही बहुतेक बायका, आठेक दिवस रात्रंदिवस राबतात. विसावा काय तो संध्याकाळी अर्धा तास. उद्या खानदेशातल्या जिन-प्रेसचा एक व्यवस्थापकच मुंबईच्या 1884-85 च्या कारखाना आयोगापुढे हे सांगेल. हात अगदीच चालेनासे झाले की मुंबईहून नवी माणसं आणावी लागतात, हेही सांगेल. त्याच्या लेखी ती मालाच्या खोळंब्याचीच बाब.

कायदा आहे की, 1881 चा! पण तो मुख्यतः लहान मुलांपुरता, आणि तोही किमान शंभर माणसं असलेल्या कारखान्यांना. बायकांसाठी 11 तासांची मर्यादा 1891 मध्ये येईल.

अजून सात वर्षं. इकडे कलत्या मानेची बाई शेवटी उठून बाहेर गेलीय, तिच्या रेच्याचा पट्टा फिरतोच आहे, आणि मुकादम तुमच्याकडे बघून टोपली पुढे सरकवतोय.